कमाई, पैसा आणि समाधान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैशाच्या नियोजनावर लिहायला लागल्यापासून मला जी पत्रं येतात, त्यांत गुंतवणुकीचे प्रश्न निम्मेच असतात. बाकीच्या पत्रांत आकडे कमी आणि घालमेल जास्त. इतकं कमावतोय, मग बरं का वाटत नाही? अजून कमावलं तर वाटेल का? वेगवेगळ्या माणसांनी जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय येतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पैशाने सुख मिळतं का? हो की नाही, एवढंच सांगा.

हो, मिळतं. "पैशाने सुख विकत घेता येत नाही" हे वाक्य पूर्वी मीही सहज बोलून जायचे. आता बोलत नाही. महिना संपायच्या आत ज्याच्या हातातले पैसे संपतात, त्याच्यासमोर ते वाक्य निर्दय वाटतं.

पण 'सुख' या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. एक म्हणजे आयुष्याकडे एकूण पाहून वाटणारं समाधान. ते मोजताना संशोधक शिडीची कल्पना करायला सांगतात. तळाला शून्य, म्हणजे तुमच्या दृष्टीने वाईटात वाईट आयुष्य, आणि वर दहा, म्हणजे उत्तमात उत्तम. तुम्ही कितव्या पायरीवर आहात? हॅडली कँट्रिल या अमेरिकन संशोधकाने १९६०च्या दशकात मांडलेली ही शिडी आजही देशोदेशींच्या पाहण्यांमध्ये वापरली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष दिवस कसा जातो: काल हसलात का, चिडचिड झाली का, कसली काळजी होती का. पहिल्या गोष्टीचं पैशाशी नातं घट्ट आहे. दुसरीचंही आहे, पण सैल. पैशामुळे तुमच्या दिवसात नेमकं काय बदललं, यावर ते ठरतं. या पानावरची बरीचशी उत्तरं याच दुसऱ्या गोष्टीभोवती फिरतात.

२. एका ठरावीक कमाईनंतर सुख वाढत नाही असं वाचलंय. तो आकडा खरा आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यामागची कहाणी ऐकण्यासारखी आहे.

२०१० साली डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या साडेचार लाखांहून अधिक उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाला साधारण ७५,००० डॉलरच्या कमाईपर्यंत माणसांची रोजची मनःस्थिती सुधारत जाते आणि पुढे फारशी सुधारत नाही, असं त्यांना दिसलं. त्याच अभ्यासात हेही होतं की शिडीवरची पायरी त्यानंतरही वर सरकत राहते. बातम्यांनी पहिला भाग उचलला, दुसरा सोडून दिला.

२०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी दुसरा मार्ग धरला. ३३,३९१ नोकरदारांना दिवसात मधूनच फोनवर विचारायचं: आत्ता, या क्षणी कसं वाटतंय? अशा १७ लाखांहून अधिक नोंदी जमल्या. त्यांच्या आलेखात रेष कुठेच सपाट झाली नाही, ७५,०००च्या पुढेही ती चढतच राहिली.

इथे वाद पेटला असता. पण कानेमान आणि किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन तीच माहिती एकत्र बसून पुन्हा तपासली. आपलं म्हणणं चुकलं असू शकेल हे मान्य करून विरोधकाबरोबर काम करणारी माणसं मला फार मोलाची वाटतात. २०२३ मध्ये त्यांनी जे मांडलं ते असं: सर्वांत दुःखी असलेल्या साधारण पाचव्या हिश्शातल्या लोकांबाबत कमाईचा परिणाम एक लाख डॉलरच्या आसपास थांबतो. बाकीच्यांबाबत तो चालू राहतो, आणि जे मुळातच सर्वांत आनंदी आहेत त्यांच्याबाबत पुढे अधिक वेगाने वाढतो.

मला याचा अर्थ असा लागतो. काही दुःखं पैशाअभावी आलेली असतात आणि पैसा आला की जातात. काही दुःखांचा पैशाशी संबंधच नसतो. जवळचं माणूस जाणं, मनाचा आजार, मोडलेलं नातं यांवर एका मर्यादेनंतर पैशाची मात्रा चालत नाही. (त्याबद्दल प्रश्न १७ पाहा.)

३. मग ते ७५,००० डॉलर म्हणजे माझ्या पैशात किती?

हा गुणाकार करू नका. तो आकडा एका देशाचा आणि एका काळाचा होता, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो पुरता टिकलाही नाही.

उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. पैशाचा परिणाम किती रुपये वाढले यावर नाही, किती पट झाले यावर ठरतो. दहाचे वीस झाल्यावर जेवढा फरक जाणवतो तेवढाच पुन्हा जाणवायला विसाचे चाळीस व्हावे लागतात, मग चाळिसाचे ऐंशी. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्येच हे मांडलं होतं. म्हणून कमी कमावणाऱ्याला जी वाढ आयुष्य पालटणारी वाटते, तीच वाढ भरपूर कमावणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. तुमच्या पुढच्या पगारवाढीने काय होईल याचा अंदाज बांधायचा तर किती टक्के वाढले ते बघा.

४. पगार वाढला की दोन महिने छान वाटतं, मग पुन्हा पहिल्यासारखंच. असं का होतं?

सवय होते म्हणून. नवी गोष्ट लक्ष वेधते, जुनी झाली की नजरेआड होते. शिवाय पगाराबरोबर खर्चही गुपचूप चढतो. हात मोकळा सुटत जातो आणि काल जी चैन होती ती आज गरज होऊन बसते.

पण सगळ्याची सवय होत नाही, आणि इथेच खरी मेख आहे. मोठ्या घराची होते, रोजच्या रखडणाऱ्या प्रवासाची होत नाही. नव्या गाडीची होते, शेजारच्या अखंड गोंगाटाची होत नाही. नोकरी जाईल या भीतीचीही होत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांनी आदल्या दिवसाचा तासातासाचा वृत्तांत लिहिला होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कामावर जाण्याचा सकाळचा प्रवास मनःस्थितीच्या यादीत अगदी तळाशी होता. त्यामुळे वाढलेला पैसा सवयीची होणारी सुखं जमवण्यात घालवण्याऐवजी, सवय न होणारे त्रास हटवण्यात घाला. त्याचा परिणाम टिकतो.

५. लॉटरी लागलेली माणसं शेवटी दुःखीच होतात ना?

नाही. हा समज १९७८च्या एका अभ्यासातून पसरला. त्यात लॉटरी जिंकलेले अवघे २२ जण होते, त्यांच्याशी तुलना करायला २२ सामान्य माणसं आणि अपघातात अपंगत्व आलेले २९ जण. विजेते इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत, आणि रोजच्या लहानसहान गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. हे निरीक्षण महत्त्वाचं आहे. पण त्याच अभ्यासाच्या जोरावर "अपंग झालेले आणि लॉटरी जिंकलेले सारखेच सुखी असतात" असं सांगितलं जातं, ते खोटं आहे. अपघातग्रस्त स्पष्टपणे कमी सुखी होते.

२२ माणसांवर जगाचा नियम उभा राहत नाही. स्वीडनमध्ये पुढे खूप मोठा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लॉटरीनंतर ५ ते २२ वर्षांनी माणसांना गाठून विचारलं तेव्हा मोठी रक्कम जिंकलेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं होतं, आणि दहा-दहा वर्षांनंतरही ते ओसरलं नव्हतं. रोजच्या आनंदावर आणि मनाच्या स्वास्थ्यावर परिणाम मात्र बराच कमी होता. पहिल्या उत्तरातला फरक इथे पुन्हा दिसतो: शिडीवरची पायरी बदलली, दिवस तितका बदलला नाही.

६. माझा पगार मला पुरतो. पण बरोबरच्याचा पगार कळला आणि माझा एकदम कमी वाटायला लागला. मी मत्सरी आहे का?

नाही, माणूस आहात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना दोन जगांतून एक निवडायला सांगितलं होतं. एका जगात तुम्हाला ५०,००० डॉलर आणि इतरांना २५,०००. दुसऱ्यात तुम्हाला एक लाख आणि इतरांना दोन लाख. वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच. साधारण निम्म्या लोकांनी पहिलं जग घेतलं. इतरांपेक्षा पुढे असण्यासाठी त्यांनी निम्म्या पैशावर पाणी सोडलं.

याच अभ्यासातला पुढचा भाग मला जास्त आवडतो. असाच प्रश्न सुट्टीबद्दल विचारला तेव्हा बहुतेकांनी स्वतःला जास्त सुट्टी मिळेल तेच जग घेतलं, मग इतरांना त्याहून जास्त मिळेना का. मोकळा वेळ आपण सहसा तुलनेच्या तराजूत टाकत नाही. तो आपला आपल्याला पुरतो.

तुलना पूर्ण थांबवता येत नाही, पण कोणाशी करायची यावर थोडा ताबा ठेवता येतो. अमेरिकेतल्या २००५च्या एका अभ्यासात दिसलं की आसपासचे लोक जास्त कमावत असतील तर माणूस स्वतःला कमी सुखी समजतो, आणि शेजाऱ्यांत जितकी ऊठबस जास्त तितकं हे जास्त बोचतं. म्हणून ऐपतीच्या टोकाला जाऊन श्रीमंत वस्तीत सर्वांत लहान घर घेण्याआधी दोनदा विचार करा. आणि सहकाऱ्याला त्याच कामाचे जास्त पैसे मिळत असतील तर तो मत्सराचा विषय नाही, हक्काचा आहे. आकडे हातात घेऊन वरिष्ठांकडे जा.

७. सगळा देशच श्रीमंत झाला तर सगळेच सुखी होतील का?

यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये दाखवलं की एका देशात एका वेळी बघितलं तर श्रीमंत गरिबांपेक्षा सुखी असतात, पण देशाची कमाई वर्षानुवर्षं वाढली तरी सरासरी सुख त्या मानाने वाढत नाही. प्रश्न ६ मधली तुलना हे त्याचं एक कारण मानलं जातं: सगळेच वर गेले तर पुढे कोणीच जात नाही. २००८ मध्ये बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी अधिक देशांची माहिती घेऊन याच्या उलट मांडलं. त्यांच्या मते श्रीमंत देश अधिक समाधानी आहेतच आणि त्याला वरची मर्यादाही दिसत नाही. दोन्ही बाजू एका मुद्द्यावर मात्र भांडत नाहीत: पोटाला पुरेसं नसलेल्या समाजात कमाई वाढली की आयुष्य सुधारतं.

८. चांगली कमाई करायची तर नेमकं काय करायचं?

कमाईचे मोठे टप्पे खर्च वाचवून येत नाहीत. आपलं काम दुर्मीळ करून आणि त्याची किंमत मागून ते येतात. थोड्यांनाच जमतं आणि अनेकांना लागतं असं एखादं कौशल्य, त्याला दुसऱ्या कौशल्याची जोड, आणि बोलणी करण्याची तयारी. नोकरी स्वीकारताना पगारावर एकदाही बोलणी न केलेली माणसं मला खूप भेटतात. त्या एका संभाषणाचा परिणाम पुढच्या प्रत्येक पगारवाढीवर होतो, कारण वाढ टक्क्यांत मिळते.

दुसरी बाजू वेळेची. दरसाल ८ टक्क्यांनी वाढणारी रक्कम ३० वर्षांत साधारण दहापट होते, २० वर्षांत पाचपटही होत नाही. महागाई त्यातला बराच भाग खाते हे खरं, पण लवकर सुरुवात करणाऱ्याचा फायदा त्यामुळे नाहीसा होत नाही. तोंडी हिशेबासाठी ७२ला व्याजदराने भागा. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट. ८ टक्क्यांना ९ वर्षं. कोणी "दोन वर्षांत दुप्पट, हमखास" म्हणालं तर तो दरसाल ४० टक्क्यांहून अधिक परतावा कबूल करतो आहे. तिथून उठून या.

९. कमाई चांगली आहे, तरी सतत धाकधूक असते. काय चुकतंय?

बहुधा सगळा पैसा अडकलेला आहे. घर आहे, गुंतवणूक आहे, पण उद्या अडचण आली तर हाताशी काय? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ५८५ बँक ग्राहकांच्या खात्यांची त्यांच्या समाधानाशी सांगड घातली. कमाई, गुंतवणूक आणि कर्ज लक्षात घेतल्यावरही, ज्यांच्या खात्यात लगेच काढता येईल असा पैसा जास्त होता ते आयुष्याबद्दल अधिक समाधानी होते.

सोंग सगळी आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. स्वतःच्या मनासमोर तर मुळीच येत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला गुंतवणूक समजू नका. परतावा कमी मिळतो अशी तक्रार मला नेहमी ऐकू येते. त्या पैशाचा परतावा झोपेत मिळतो.

१०. आधी कर्ज फेडू की गुंतवणूक करू?

कर्जाचा व्याजदर आणि गुंतवणुकीचा खात्रीचा परतावा शेजारी शेजारी लिहा. कर्जाचा आकडा मोठा असेल तर कर्ज फेडा. क्रेडिट कार्डाची थकबाकी तर आजच. कमी दराचं गृहकर्ज सावकाश चाललं तरी बिघडत नाही.

कर्ज अनेक ठिकाणी विखुरलेलं असेल तर हिशेबापलीकडे आणखी एक गोष्ट येते. सिंगापूरमध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची जुनी कर्जं एका संस्थेने फेडली, तेव्हा त्या माणसांची आधी आणि नंतर चाचणी घेतली गेली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. चिंता कमी झाली, विचार करताना होणाऱ्या चुका घटल्या. रक्कम तितकीच असूनही ज्यांची जास्त खाती बंद झाली त्यांना अधिक आराम पडला. म्हणजे पाच लहान देण्यांचा जाच एका मोठ्या देण्यापेक्षा जास्त असतो. म्हणून व्याजदर साधारण सारखे असतील तर लहान देणी आधी मिटवा.

११. गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणूनच गरीब राहतो, असं माझे एक नातेवाईक म्हणतात. खरं आहे का?

मला हा विचार अन्यायाचा वाटतो, आणि त्याविरुद्ध पुरावाही आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी तोडणीच्या आधी, म्हणजे पैशाची ओढाताण असताना, आणि तोडणीनंतर हातात पैसे आल्यावर घेतली गेली. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माणूस तोच, पण पैसे नसताना त्याची कामगिरी घसरलेली होती. पैशाच्या विवंचनेचा विचारशक्तीवर होणारा हा परिणाम अख्खी रात्र जागून काढल्यासारखा असतो, अशी तुलना संशोधकांनी केली आहे. टंचाई डोक्यातली जागा व्यापते, उरलेल्या जागेत निर्णय घ्यावे लागतात. तुमच्या नातेवाइकांनी कारणाच्या जागी परिणाम ठेवला आहे.

१२. जास्त पगाराची नोकरी मिळतेय, पण रोजचे तास आणि प्रवास वाढणार. घेऊ का?

कागद घ्या आणि खरा तासाचा दर काढा. समजा आज ९ तास काम आणि १ तास प्रवास, एकूण १० तास, आणि पगार १०० धरू. नव्या ठिकाणी १० तास काम, ३ तास प्रवास, एकूण १३ तास, पगार १२०. आज तासाला १० पडतात, उद्या ९.२ पडतील. पगार २० टक्क्यांनी वाढला आणि तासाचा दर ८ टक्क्यांनी घसरला. त्यातून प्रवासाचा वाढीव खर्च, बाहेरचं खाणं, थकव्यामुळे पैसे देऊन करून घ्यावी लागणारी घरची कामं आणि वरचा कर वजा करा. मी हा हिशेब अनेकांसाठी मांडला आहे आणि दोघा-तिघांचा चेहरा त्या कागदावर पडलेला पाहिला आहे. जर्मनीतल्या माहितीवर आधारलेल्या २००८च्या अभ्यासातही लांबच्या प्रवासाची भरपाई पगारातून पुरेशी होत नाही असंच दिसलं.

तरीही काही वेळा ही नोकरी घ्यावी. जास्त व्याजाचं कर्ज मानेवर असेल तर. पुढे मोठी संधी उघडणारं काम शिकायला मिळणार असेल आणि त्याला तुम्ही मनाशी मुदत ठरवली असेल तर. सध्याची नोकरीच डळमळीत असेल तर. मुदत मात्र तारीख घालून लिहून ठेवा. "थोडी वर्षं" म्हणून गेलेली माणसं पंधरा वर्षांनी मला पत्र लिहितात. (प्रश्न १८ अशाच पत्रातला आहे.)

१३. मनासारखं काम करू की पैसा देणारं?

या दोन्हींमध्ये आपण समजतो तितकी उंच भिंत नसते. आवडीचं काम अनियमित कमाईचं असेल तर पहिल्या तारखेची धास्ती आवडही खाऊन टाकते. आणि पैसा देणाऱ्या कामात ठरवण्याची मोकळीक आणि चांगले सहकारी असतील तर ते हळूहळू आवडायलाही लागतं. एक गोष्ट ठामपणे सांगते: हातात काही नसताना राजीनामा देऊ नका. नोकरी गेल्याचं दुःख गमावलेल्या पगारापेक्षा कितीतरी मोठं असतं, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. त्यात आब, रोजचा क्रम आणि माणसं सगळंच जातं. प्रश्न ९ मधली शिल्लक आधी उभी करा, मग उडी घ्या.

१४. पैसा कशावर खर्च केला तर समाधान टिकतं?

तीन गोष्टींबद्दल बऱ्यापैकी विश्वासाने बोलता येतं.

पहिली, वेळ. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना एका आठवड्यात ४० डॉलर वस्तूवर आणि दुसऱ्या आठवड्यात ४० डॉलर वेळ वाचवण्यावर खर्च करायला दिले. वेळ वाचवला त्या दिवशी त्यांना जास्त बरं वाटलं. त्याच अभ्यासात नेदरलँड्समधल्या ८१८ दशलक्षाधीशांना विचारलं होतं, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे नावडती कामं दुसऱ्याकडून करून घेण्यावर काहीच खर्च करत नव्हते! पैसा आला म्हणून दिवस आपोआप बदलत नाही, तो बदलावा लागतो.

दुसरी, दुसऱ्यासाठी केलेला खर्च. २००८च्या एका प्रयोगात सकाळी लोकांना ५ किंवा २० डॉलर दिले. काहींनी ते स्वतःवर खर्च करायचे, काहींनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी होते, आणि रक्कम ५ होती की २० यामुळे फरक पडला नाही.

तिसरी, अनुभव. प्रवास, शिकणं, माणसांबरोबर घालवलेले दिवस. इथे एक अपवाद आहे. ज्यांची ओढाताण चालू आहे त्यांना उपयोगी वस्तूही तितकंच, कधी जास्त समाधान देते. "वस्तू नको, अनुभव घ्या" हा उपदेश ज्यांच्या घरात सगळं आहे त्यांनाच शोभतो.

१५. पैशाची हाव हेच दुःखाचं मूळ आहे ना? मग हवासाच वाटू नये, हे बरं.

१९९०च्या दशकात टिम कॅसर आणि रिचर्ड रायन यांना आढळलं होतं की ज्यांचं मुख्य ध्येय पैसा असतं त्यांचं मानसिक स्वास्थ्य कमी असतं. पण २००१च्या एका अभ्यासाने पुढचा प्रश्न विचारला: पैसा हवा, पण कशासाठी? इतरांवर कुरघोडी करायला, सत्ता गाजवायला किंवा आपण कमी नाही हे स्वतःला पटवायला पैसा हवा असणाऱ्यांमध्येच ते दुःख दिसलं. घरच्यांची सोय, सुरक्षितता, मोकळीक यांसाठी पैसा हवा असण्यात तसं काही सापडलं नाही. तेव्हा इच्छेला दोष देऊ नका. रात्री शांतपणे स्वतःला विचारा की हा पैसा मला कोणाला दाखवायचा आहे. उत्तरात एखादा चेहरा आला तर तिथे थांबून विचार करा.

१६. जोडीदाराची कमाई माझ्यापेक्षा बरीच जास्त आहे. पैशावरून कुरबुरी होतात.

अशा घरांत पैसा कमी नसतो, बोलणं कमी असतं. तीन गोष्टी करून बघा. सामायिक खर्च कमाईच्या प्रमाणात वाटा, म्हणजे कमाई ६० आणि ४० असेल तर खर्चही तसाच. दोघांनाही दरमहा सारखीच एक रक्कम असू द्या, जिचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. आणि घरातलं बिनपगारी काम, मुलांचं, आजारपणाचं, कागदपत्रांचं, तेही याच कागदावर मांडा. बहुतेक कुरबुरींचं मूळ तिथे असतं. पैशाचं बोलणं भांडण पेटलेलं असताना करू नका. महिन्यातून एक संध्याकाळ त्यासाठी ठरवून ठेवा.

१७. पैसा आहे, तब्येत आहे, माणसं आहेत. तरी आनंद वाटत नाही. मी कृतघ्न आहे का?

नाही. हे पत्र मी कधीच घाईत वाचत नाही. प्रश्न २ मधला तो पाचवा हिस्सा आठवा. काही दुःखं बँकेतल्या शिल्लकेला जुमानत नाहीत, आणि त्यांचा कृतघ्नपणाशी काही संबंध नसतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, आवडत्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हा पैशाच्या सल्लागाराचा विषय नाही. डॉक्टरांकडे जा. नैराश्य हा उपचार होणारा आजार आहे. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर आत्ताच जवळच्या कोणालातरी सांगा, एकटे राहू नका. चांगली कमाई असलेली माणसं मदत मागायला सर्वांत उशीर करतात. "मला काय कमी आहे" हा विचार त्यांच्या आड येतो.

१८. मी पन्नाशीत आहे. भरपूर कमावलं, पण मुलांचं लहानपण निसटून गेलं. आता पैशाने काही भरून काढता येईल का?

ती वर्षं येणार नाहीत, आणि मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण पुढच्या वर्षांचे तास अजून तुमच्या हातात आहेत, आणि ते सोडवून घेता येतील इतका पैसा तुमच्याकडे आहे. वर्षाच्या खर्चाच्या साधारण पंचवीस पट रक्कम साठली असेल तर कमाईसाठी आणखी धावण्याची निकड बरीच कमी होते. हा ढोबळ आकडा विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराच्या १९९४च्या मांडणीतून आला. तो अमेरिकी बाजाराच्या माहितीवर आणि तीस वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेला आहे, म्हणून तुमच्यासाठी थोडा चढाच धरा. तेवढी साठली असेल तर कामाचे दिवस कमी करून मागा. पगार कमी होईल, होऊ द्या.

आणि मुलांना महागडं काही देऊन भरपाई करू नका. त्यांना फोन करा आणि विचारा की येत्या महिन्यात तुमच्याकडे मला दोन दिवस राहायला आवडेल, कधी येऊ? गेल्यावर त्यांच्या वेळापत्रकात बसा, त्यांना तुमच्या वेळापत्रकात बसवू नका. पहिल्या भेटीत अवघडल्यासारखं होईल. दुसरी भेट ठरवूनच परत या.